पार्ल्याहून शिरोड्याला : खाड्यांनी अडवलेला रस्ता

आजचा विषय ऐकायला सुट्टीचा वाटेल. गाडी काढायची, किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचं, पुळणीवर फिरायचं, लहान गावात मासे खायचे, की झाली कोकण सहल. पण ही व्याख्यानमाला इतिहासाची आहे, तेव्हा आपण सहलीलाच एक प्रश्न विचारणार आहोत. कोकणातली बंदरं दोन हजार वर्षांपासून जगाला माहीत आहेत. मग या बंदरांना एकमेकांशी जोडणारा सलग किनारी रस्ता आजही पूर्ण का नाही?

आम्ही काही जण गेली काही वर्षं हा किनारा तुकड्यातुकड्याने पाहतो आहोत. कोणी शिक्षक, कोणी बँकेतून निवृत्त, सगळे पार्ले-अंधेरीकडचे. आमचा नियम एकच. समुद्राला सर्वांत जवळचा रस्ता धरायचा आणि रस्ता संपला की तिथला इतिहास बघायचा. हा रस्ता फार वेळा संपतो, म्हणूनच बघण्यासारखंही खूप मिळतं.

सुरुवात पार्ल्यातूनच करू या. १९३० च्या एप्रिलमध्ये, दांडीला गांधीजींनी मीठ उचललं त्याच दिवसांत, विलेपार्ल्याला सत्याग्रहींची छावणी उभी राहिली. जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला ही माणसं तिथे होती. छावणी इथे का? कारण जुहूचा समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर होता आणि रेल्वे स्टेशन दाराशी होतं. समुद्राचं पाणी आणायचं, आटवायचं आणि कायदा मोडायचा. पुढच्याच महिन्यात, मे १९३० मध्ये, मिठाचा दुसरा मोठा सत्याग्रह झाला तो शिरोड्याला, तळकोकणाच्या अगदी टोकाशी. आज ज्याला रेवस-रेडी सागरी मार्ग म्हणतात त्याचं दक्षिणेचं टोक रेडी, आणि शिरोडा त्याच्या शेजारचंच गाव. म्हणून आमच्या प्रवासाची दोन टोकं आम्ही अशी धरली, पार्ले आणि शिरोडा. मधला किनारा पाचशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता मात्र वळणं घेत त्याहून बराच जास्त होतो.

आता खाली जायचं कसं? आज पार्ल्यातला माणूस हायवेला येतो आणि पनवेलमार्गे गोवा महामार्गाला लागतो. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावाशेवा अटल सेतू सुरू झाला, तोही एक पर्याय आहे. पण आपल्या आजोबांच्या पिढीला विचारा. ते सांगतील, भाऊचा धक्का. तिथून बोट. मुंबईतला चाकरमानी गावी जायचा तो बोटीने. हरणै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पुढे पणजी. या नावांची माळ तिकिटाच्या खिडकीवर म्हटली जायची. गिरणगावातली माणसं, रत्नागिरी जिल्ह्यातून येणाऱ्या मनीऑर्डरी नव्हे, तिकडे जाणाऱ्या मनीऑर्डरी, आंब्याच्या पेट्या, गणपतीची मखरं, सगळं या बोटींवरून गेलं आणि आलं.

बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. मग किनाऱ्यावरून पडाव निघायचे, बोटीला भिडायचे आणि उतारूंनी सामानासकट, पोराबाळांसकट त्यात उतरायचं. म्हातारी माणसं अक्षरशः हातावर झेलून घ्यावी लागत. पुढे पुळणीपाशी आलं की गुडघाभर पाण्यातून चालत जायचं. दाभोळला उतरून वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटला आणि तिथून चिपळुणात, असाही प्रवास होता. हा सगळा आटापिटा का सहन केला? कारण त्याहून सोपा रस्ता नव्हता.

याची किंमतही मोजावी लागली. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी वादळात बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य एका महिन्यावर आलेलं. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली. सणासाठी घरी निघालेली माणसं, सातशेच्या आसपास उतारू. काश्याच्या खडकाजवळ पावसाळी समुद्रात बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबईच्या एवढ्या जवळ, रेवस नजरेच्या टप्प्यात असताना. आज अलिबागकडे जाणारे हजारो पर्यटक या पाण्यावरून जातात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारगाड्या घेऊन जाणारी रो-रो बोट सुरू आहे. तासाभरात माणूस गाडीसह पलीकडे. त्या तासात एकदा तरी ‘रामदास’ची आठवण काढावी, एवढंच आमचं म्हणणं. त्या बोटीतले लोक मजेला निघालेले नव्हते. घरी जायचा तोच त्यांचा रस्ता होता.

तर मंडळी, आपण मांडव्याला उतरलो. इथून अलिबाग. सगळ्यांना कुलाबा किल्ला माहीत आहे, ओहोटीला चालत जाता येतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं बांधकाम सुरू करवलं, पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य ठाणं झाला. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. पण अलिबागला आणखी एक जागा आहे जिथे पर्यटक क्वचित वळतात. ती म्हणजे तिथली चुंबकीय वेधशाळा. ही मूळ मुंबईच्या कुलाब्याची. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की विजेच्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडतील. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा बांधली आणि कुलाब्याचं काम इकडे आणलं. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणजे एका शहराच्या गोंगाटापासून दूर, पण बोटीने सहज पोचता येईल अशी जागा म्हणून अलिबाग निवडलं गेलं. आज लोक तिथे बंगले घेतात त्यामागचं कारण फार वेगळं नाही.

अलिबागहून दक्षिणेला निघालं की लगेच आक्षी. गाडी थांबवावी अशी ही जागा आहे. इथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, असं वाचन शं. गो. तुळपुळे यांनी केलं. कालनिर्देश असलेल्या मराठी शिलालेखांत तो सर्वांत जुना मानला जातो. आपल्या भाषेची इतकी जुनी खूण सापडते ती एका किनारी गावात, शिलाहारांच्या मुलुखात. का बरं किनाऱ्यावर? कारण इथे व्यापार होता, दानं होती, करार होते आणि ते लोकांना वाचता येतील अशा भाषेत लिहिण्याची गरज होती.

पुढे चौल आणि रेवदंडा. पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या नाविक मार्गदर्शिकेत कल्याणनंतर ‘सेमुल्ला’ नावाचं बंदर येतं, अभ्यासक ते चौल मानतात. या पुस्तकाची रचनाच पाहण्यासारखी आहे. बंदरामागून बंदर. गावामागून गाव नाही. म्हणजे तेव्हाच्या माणसाच्या डोक्यातला किनारा पाण्याकडून पाहिलेला होता. शिलाहारांचा खारेपाटणचा ताम्रपट घ्या, शके ९३०, म्हणजे १००८. त्यात राजा रट्टराज दान देतो कशाचं? द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं. किनाऱ्यावरच्या जहाजांना वेगळा, हलका दर. चेमुल्य, म्हणजे चौल, याचंही नाव तिथे येतं. आपल्याकडे नाक्यावर टोल असतो ना, तसा तो बंदरातला टोल.

आता एक रशियन माणूस ऐका. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन. १४७० च्या आसपास तो होर्मुझहून चौलला उतरला, विकायला एक घोडा बरोबर घेऊन. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. चौलहून तो कुठे गेला? किनाऱ्याने दक्षिणेला? नाही. तो घाट चढून जुन्नरला गेला, तिथून बिदरला. आणि परत जाताना जहाजात बसला ते दाभोळला. नकाशा समोर ठेवा. चौल आणि दाभोळ दोन्ही किनाऱ्यावर, एकमेकांपासून फार लांबही नाहीत. तरी त्याचा प्रवास चौल, घाट, देश, घाट आणि दाभोळ असा होतो. त्याच्या प्रवासात आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. कोकणातला जमिनीवरचा रस्ता उत्तर-दक्षिण नव्हताच, तो पूर्व-पश्चिम होता. खाडीच्या मुखाशी बंदर, खाडीच्या आत जिथपर्यंत भरतीचं पाणी पोचतं तिथे बाजारपेठ आणि बाजारपेठेच्या डोक्यावर घाट.

ही जोडी प्रत्येक खाडीला लावून बघा. बाणकोटच्या मुखातून सावित्रीने आत गेलं की महाड, वर वरंधा घाट. दाभोळहून वाशिष्ठीने चिपळूण, वर कुंभार्ली. जैतापूरहून आत राजापूर, वर अणुस्कुरा. विजयदुर्गाहून आत खारेपाटण, वर फोंडा. वेंगुर्ल्याहून आंबोली आणि बेळगाव. महाड, चिपळूण, राजापूर, खारेपाटण ही आज आपल्याला महामार्गावरची गावं वाटतात, वडापाव आणि चहाची. पण ती महामार्गासाठी वसलेली नाहीत. ती भरतीच्या पाण्यावर वसलेली आहेत, आणि महामार्ग त्यांना धरून गेला. राजापूरला इंग्रजांची वखार होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. समुद्रापासून एवढी आत वखार घालण्याचं कारण एकच, माल तिथे घाटावरून उतरायचा.

उत्तर-दक्षिण जायचं तर समुद्र होता. गलबत, मचवा, पडाव. मग किनाऱ्याने रस्ता कोण बांधणार आणि कशाला? प्रत्येक दहा-वीस मैलांवर एक खाडी, तिच्यावर तर, तरीवर तांडेल. घोडा, बैलगाडी, पालखी तरीवर चढवायची, पलीकडे उतरवायची. सैन्याला हे परवडत नव्हतं, व्यापाऱ्याला त्याची गरज नव्हती.

रेवदंड्याची खाडी आज पुलाने ओलांडता येते, साळावला. मग काशीदची पांढरी पुळण आणि मुरूड. जंजिरा पाहायला सगळे जातात, त्यावर आज बोलत नाही. फक्त एक लक्षात घ्या, चारी बाजूंनी पाणी असलेला तो किल्ला १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दींकडेच राहिला. मुरूडच्या पुढे आगरदांड्याला रस्ता संपतो. पलीकडे दिघी दिसतं. इथे गाड्या नेणारी फेरीबोट आहे, स्थानिक लोक तिला जंगलजेटी म्हणतात. पलीकडे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव. पेशवाई पुण्यात वाढली, पण तिचं मूळ या पुळणीवर, सुपारीच्या वाडीत आहे.

सुपारीच्या वाडीबद्दल थोडं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यावर उत्पन्न द्यायला अनेक वर्षं घेतं. म्हणजे त्या दुपारी माणसाचं एका हंगामाचं पीक गेलं नाही, आजोबांनी लावलेली आणि नातवाला मिळणार होती ती ठेव गेली. त्यानंतर अनेक घरांनी वाडीतल्या मोकळ्या जागेवर पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. आपण जिथे उतरतो, उकडीचे मोदक खातो, त्या खोल्यांच्या मागचा हाही एक इतिहास आहे.

हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला. पुन्हा रस्ता संपतो. पलीकडे वेश्वी आणि बाणकोट. हे सावित्रीचं मुख. इथे पुलाचे अर्धवट खांब वर्षानुवर्षं उभे आहेत आणि त्यांच्या बाजूने फेरीबोट जाते. त्या बोटीच्या कठड्याला टेकून आम्ही एकदा हिशेब केला. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, त्यानंतर बाणकोट इंग्रजांच्या हाती आलं आणि १७५६ च्या पेशव्यांशी झालेल्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिलं. किल्ल्याचं नाव त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणाचा वेगळा जिल्हा केला त्याचं पहिलं मुख्य ठाणं बाणकोट. काही वर्षांतच, १८२२ मध्ये, ते रत्नागिरीला गेलं. जिल्ह्याची राजधानी असलेलं हे गाव आज एका न झालेल्या पुलापाशी वाट बघत आहे. गावाचं मोठेपण पाण्यावर असताना ते पहिलं होतं. मोठेपण रस्त्यावर आलं तेव्हा ते शेवटचं झालं.

शेजारीच वेळास, नाना फडणवीसांचं मूळ गाव. अलीकडे ते कासवांमुळे ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी गावात खाल्ली, विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ने गावकऱ्यांबरोबर घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. गावातच घरोघरी जेवायचं, राहायचं, पहाटे पुळणीवर जायचं, पिल्लं पाण्याकडे जाताना लांबून बघायची. पर्यटन असंही असतं, याचं हे उदाहरण.

पुढे केळशी, आंजर्ले, हरणै. इथे गाडी ठेवून चालायचं. कोकणातल्या चालण्याची गंमत सपाट पुळणीपेक्षा पाखाडीत आहे. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंनी गडगे, वर फणसाची सावली. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला पाखाडीने चढून जा. वर पोचलात की सगळी रचना एका नजरेत दिसते. खाली पुळण, पुळणीमागे नारळी, वाडीत घरं, मग भातशेती, मग चढ आणि वर सपाट कोरडा सडा. गाव सखल भागात, पाण्याजवळ. सागरी रस्ता मात्र जागोजागी सड्यावरून जातो. त्यामुळे गाडीतल्या माणसाला उघडा जांभा आणि लांबचा समुद्र दिसतो, आणि गाव खाली झाडांत राहून जातं. या किनाऱ्यावरची गावं पाहायची तर उतरावंच लागतं.

दाभोळला तिसऱ्यांदा रस्ता संपतो. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं बडं बंदर, घोडे इथे उतरायचे, मक्केचे यात्रेकरू इथून निघायचे. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळलं. आज धक्क्याजवळची जुनी मशीद बघितली की त्या वैभवाचा अंदाज येतो. धक्क्यावर उभं राहिलं तर समोर धोपावे दिसतं. २००३ मध्ये इथे गाड्या वाहणारी फेरीबोट सुरू झाली. त्याआधी दाभोळच्या माणसाला गाडीने गुहागरला जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून जास्त किलोमीटरचा फेरा. आता पंधरा-वीस मिनिटं. नीट पाहिलं तर यात नवीन काहीच नाही. तर जुनीच, फक्त तिच्यावर आता मोटार चढते.

आता सागरी महामार्गाकडे येऊ. रेवसपासून रेडीपर्यंत किनारी रस्ता, ही कल्पना १९८० च्या सुमारास जोर धरू लागली. बॅ. अ. र. अंतुले तेव्हा मुख्यमंत्री होते, स्वतः सावित्रीकाठच्या आंबेतचे. खाडीने माणूस कसा अडतो हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. याच काळात, १९८१ मध्ये, कुलाबा जिल्हा रायगड झाला आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याच दशकाच्या अखेरीस बोटवाहतूक बंद पडली. मग १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. या क्रमाकडे लक्ष द्या. बोट गेली, रेल्वे आली, ती बंदरांपासून लांब, आतल्या अंगाने. महामार्गही आतल्या अंगानेच. त्यामुळे चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ वाढली आणि दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग ही नावं वेळापत्रकातून उतरली. किनारी गावाला मुंबईला जायचं तर आधी तास-दीड तास उलट पूर्वेला जायचं, मग दक्षिणोत्तर वाहतूक गाठायची.

तेव्हा आपल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर असं. जोवर समुद्र हा रस्ता होता तोवर किनारी रस्त्याची गरज नव्हती. आणि समुद्राचा रस्ता बंद झाला तेव्हा सगळा पैसा आतल्या रस्त्याला आणि रेल्वेला लागला. किनारा मधल्यामध्ये राहिला.

आतला रस्ता तरी निर्धोक झाला का? महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी आणि काही लहान गाड्या पाण्यात गेल्या. बोरिवलीची एसटी. या सभागृहात असे लोक असतील जे त्या गाडीने कधी ना कधी आलेले आहेत. नवा पूल विक्रमी वेगाने, १६५ दिवसांत बांधला गेला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. आम्हाला इथे एवढंच म्हणायचंय की ‘रामदास’ आणि सावित्रीचा पूल हा एकाच इतिहासाचा भाग आहे. मुंबईत राबणाऱ्या आणि गावाकडे ये-जा करणाऱ्या माणसाने पाणी कसं ओलांडलं, त्याचा हा इतिहास आहे.

धोपाव्याहून पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, मग तवसाळला पुन्हा फेरीबोट आणि पलीकडे जयगड. जयगडाखाली मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. मग गणपतीपुळे. हे ‘पुळे’ म्हणजेच आपली पुळण. मराठीत बीचला इतका सुंदर शब्द आहे आणि तो एका मोठ्या देवस्थानाच्या नावात रोज आपल्या तोंडी असतो, तरी आपण बीचच म्हणतो. आरे-वारेचा रस्ता झाल्यापासून गणपतीपुळे ते रत्नागिरी समुद्र डोळ्यांसमोरून हलत नाही. रत्नागिरीत थिबा राजवाड्याला जरूर जा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. इथेच का? समुद्राने पोचता येईल पण जमिनीने सहज निसटता येणार नाही, अशी ही जागा. १९१६ मध्ये तो इथेच वारला. आपण ज्या एकांतासाठी पैसे मोजतो, तो त्याला शिक्षा म्हणून मिळाला होता.

रत्नागिरीच्या खाली भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण. इथे बऱ्याच खाड्यांवर पूल झालेत, गाडी थांबत नाही. विजयदुर्ग फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी घेतला, आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू होऊन १६६७ मध्ये पुरं झालं. मालवणहून वेंगुर्ले, तिथे सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष उभे आहेत. आणि मग शिरोडा.

शिरोड्याची मिठागरं आजही दिसतात. मे महिन्यात गेलात तर पांढरे ढीग असतात. वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते, म्हणजे सत्याग्रह झाला तेव्हा ते याच गावात होते. पार्ले आणि शिरोडा, दोन्हीकडे मीठ उचललं गेलं ते एकाच महिन्याच्या अंतराने. पार्ल्यातलं मिठाचं पाणी आता कुठे दाखवता येत नाही, तिथे इमारती आहेत. शिरोड्यात ती जागा अजून मिठाचीच आहे. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. समुद्र कोणाचा, आणि त्यातून मिळणाऱ्या वस्तूवर हक्क कोणाचा?

तोच प्रश्न आज रस्त्याच्या रूपाने परत आला आहे. रेवस-कारंजा, आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर मोठे पूल हाती घेतले आहेत किंवा ठरले आहेत. आम्हाला नेहमी विचारतात, तुम्ही फेरीबोटींचं एवढं कौतुक करता, मग पूल नकोत का? नाही हो. बाणकोटात रात्री कोणाला कळ आली आणि बोट बंद असली, तर त्या घराला विचारा पूल हवा की नको. पूल हवाच. प्रश्न असा आहे की पूल झाल्यावर गाडी गावात उतरते की सड्यावरून निघून जाते. सड्यावरची जमीन कोणाच्या नावावर जाते. पुळणीवर होडी ओढायची जागा उरते की नाही. खाडीच्या गाळाकडे कोणी बघतं की नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड एकाच वेळी पाण्याखाली गेले, ती दोन्ही जुनी बंदरं आहेत हे विसरून कसं चालेल? ज्या भरतीच्या पाण्यावर ती वसली, तेच पाणी पुराचं पाणी समुद्राकडे सुटू देत नाही.

मुंबईतही आपण किनारी रस्ता पाहतो आहोत. मार्च २०२४ मध्ये दक्षिण मुंबईतला पहिला टप्पा सुरू झाला, पुढे वर्सोव्याकडे काम चालू आहे. तिथेही कोळीवाड्यांनी विचारलं तेच होतं, आमच्या होड्या खांबांमधून जातील ना? वरळीच्या मच्छीमारांच्या आग्रहामुळे पुलाच्या एका गाळ्याचं अंतर वाढवलं गेलं. म्हणजे प्रश्न वेळेवर विचारला तर आराखडा बदलतो. कोकणातल्या पुलांबद्दलही तो वेळेवर विचारला जायला हवा, आणि तो विचारणाऱ्यांत इथून तिकडे सुट्टीला जाणारे आपणही असायला हवेत. कारण आपल्यापैकी निम्म्यांची घरं तिथेच आहेत, निदान सातबाऱ्यावर नाव तरी आहे.

शेवटी, ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. घाई करू नका, पार्ले ते शिरोडा आठ दिवस तरी ठेवा. भरती-ओहोटीची वेळ आधी बघा, किल्ल्यांसाठीही आणि पुळणीवर चालण्यासाठीही. अनोळखी पुळणीवर गाडी घालू नका आणि पावसाळ्यात समुद्रात उतरू नका. आणि फेरीबोटीची रांग मोठी असली तर हॉर्न न वाजवता खाली उतरा, तरीवरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, बोटी होत्या तेव्हा तुम्ही मुंबईला कसे जायचात? पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. ही पिढी आता विरळ होत चालली आहे, आणि पडावातून उतरल्याच्या त्यांच्या आठवणी फार थोड्या ठिकाणी लिहून ठेवलेल्या आहेत. पूल पूर्ण व्हायच्या आत त्या लिहून घ्यायला हव्यात. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असं कोणी आहे, त्यांनी या रविवारीच सुरुवात करावी.